बोलून गेलो, बोलून बसलो

इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तराला वाक्प्रचारांच्या तासाइतका करमणुकीचा तास दुसरा नाही. व्याकरणाला मुले भितात, निबंधाला कंटाळतात. पण 'आज वाक्प्रचार' असे म्हटले की मागच्या बाकावरची झोपसुद्धा उडते. त्यातही एक वाक्प्रचार असा आहे की तो फळ्यावर लिहिताच वर्गात खसखस पिकते. 'टु पुट वन्स फूट इन वन्स माउथ'. शब्दशः अर्थ, आपलाच पाय आपल्याच तोंडात घालणे. खरा अर्थ, भलत्या वेळी भलते बोलून बसणे आणि मग चारचौघांत ओशाळे होणे.

एका वर्षी हा अर्थ सांगत असताना नववीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, आमच्या घरचं बाळ तर रोज घालतं!" वर्ग खो खो हसला. मीही हसलो, पण मुलगा बोलला ते खोटे नव्हते. सहा महिन्यांचे बाळ पायाचा अंगठा चोखते तेव्हा सारे घर कौतुकाने बघते. तोच उद्योग मोठ्या माणसाने केला की हसू होते. इंग्रजांनी बोलण्यातल्या चुकीला हे हास्यचित्र जोडून दिले आहे. खुर्चीवर बसलेला कोटबूट घातलेला साहेब आणि त्याच्या तोंडात त्याचाच बूट! गंमत अशी की इंग्रजीत गुरांच्या एका रोगाचे नावही 'फूट अँड माउथ' आहे. आपले शेतकरी त्याला लाळ्या-खुरकूत म्हणतात. त्यातला एक शब्द बदलून इंग्रज लोक बोलभांड माणसाला 'फूट इन माउथ' रोग जडला आहे असे म्हणतात.

आमच्या भागात अशा रोगाची साथ बारमाही असते. कारण सांगतो. मी राहतो ते सुरंगी हे गाव सेलवासजवळचे. कोकणातल्या माणसाला हे नाव ऐकून गजऱ्यातली पिवळी फुले आठवतील; आमच्याकडे मात्र आता कारखान्यांचे भोंगे आधी ऐकू येतात. नगर हवेलीत पोर्तुगीज आले ते १७८३ साली आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सेलवास मुक्त झाले. १९६१ साली दादरा नगर हवेली भारतात रीतसर विलीन झाली आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाली. नकाशावरची नावे बदलली, पण बोलण्याचा बाजार तसाच गजबजलेला राहिला. घरात वारली, कोकणा किंवा धोडिया, दुकानात गुजराती, कचेरीत हिंदी, शाळेत कुणाची मराठी, कुणाची गुजराती, कुणाची इंग्रजी. दिवसाकाठी चार भाषांचे उंबरठे ओलांडणाऱ्या माणसाला कुठे ना कुठे ठेच लागायचीच.

नाशिककडून लग्न होऊन आलेल्या आमच्या शेजारच्या सूनबाईंची गोष्ट घ्या. नवरा कारखान्यात पाळीवर. दुपारी शेजारच्या गुजराती बेन दारात आल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, "केम, नवरां छो?" सूनबाई लाजून म्हणाल्या, "नाही हो, ते ड्युटीवर गेलेत." गुजरातीत 'नवरा' म्हणजे मोकळा, रिकामा, हाताला काम नसलेला! बेन विचारत होत्या, वेळ आहे का गप्पा मारायला. अर्थ कळल्यावर दोघी इतक्या हसल्या की पुढे त्यांचे घट्ट जमले. आता दोघींच्या घरी 'नवरा' हा शब्द दोन्ही अर्थांनी एकाच माणसाला लावतात, असे ऐकतो.

अशा जोड्या पुष्कळ. मराठी पाहुणी गुजराती घरातल्या बाळाचे कौतुक करते, "काय सुंदर डोळे आहेत!" गुजरातीत 'डोळा' म्हणजे बुबुळाचा गोळा; तिकडे 'डोळा काढवा' म्हणजे डोळे वटारणे. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. एखाद्या उत्तर भारतीय उमेदवाराने अर्जात 'मैंने पूरी चेष्टा की' असे लिहिले तर मराठी कारकून चष्मा पुसून पुन्हा वाचतो. आणि 'शिक्षा विभाग' ही पाटी पाहून मराठी मुलाच्या पोटात गोळा येतो, त्यात त्याचा काय दोष?

हे झाले हसण्यावारी नेण्यासारखे. शब्द दोन भाषांमध्ये फसला, माणूस नाही. अशा फजितीला सगळ्या युरोपाने पायाचीच उपमा द्यावी हे मला फार दिवस नवलाचे वाटत आले आहे. फ्रेंचांचा 'फो पा' म्हणजे चुकीचे पाऊल. तो इंग्रजीनेही जसाच्या तसा उचलला. जर्मन माणूस तुपातेलाच्या वाडग्यात पाय घालतो. स्पॅनिश माणूस पंजा घालतो. कशात घालतो ते सांगत नाही. आमच्या हवेलीचे जुने मालक पोर्तुगीज, त्यांच्या भाषेत तो पंजा डबक्यात जातो. इंग्रज पाय तरी तोंडात घालतो, नाही तर हातातली वीट पाडतो: 'ड्रॉप अ ब्रिक'. गुजराती मात्र या सगळ्यांहून निराळी. गुजराती माणूस भलते बोलला की त्याने 'भांगरो वाट्यो', म्हणजे माका वाटला! केसांच्या तेलात पडणारी ती औषधी वनस्पती बिचारी या भानगडीत कशी आली, हा विचार करीत मी अनेकदा हसत बसतो.

आपण मराठी माणसे काय म्हणतो? जीभ घसरली. जिभेला हाड नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणजे युरोपात पाय घसरतो, आपल्याकडे जीभ घसरते. 'स्लिप ऑफ द टंग' इंग्रजीतही आहेच, त्यामुळे इथवर फारसा फरक नाही. खरा फरक दिसतो तो पुढच्या पायरीवर.

इंग्रजीतले हे सारे वाक्प्रचार एकाच माणसाकडे बघतात. बोलणाऱ्याकडे. पाय त्याचा, तोंड त्याचे, वीटही त्याच्याच हातातून पडली. ऐकणाऱ्याचे काय झाले? त्या चित्रात तो नाहीच. आपल्याकडे मात्र दुसरी एक ओळ लागलीच येते. शब्द मनाला लागतो, वर्मी लागतो, जिव्हारी लागतो. जिव्हार म्हणजे जिवाची जागा. काळजाला घरे पडतात. तलवारीचा घाव भरतो, शब्दाचा भरत नाही, असे आपल्या आज्या सांगत आल्या. यात बोलणाऱ्याची फजिती नाही. यात ऐकणाऱ्याची जखम आहे. इंग्रजीत असे काही नाहीच असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'कट टु द क्विक' म्हणतात, त्यात 'क्विक' म्हणजे नखाखालचे जिवंत मांस. आपल्या जिव्हाराचा तो सख्खा भाऊ. पण चुकून बोललेल्या शब्दाची गोष्ट सांगताना इंग्रजी माणूस बुटाचे चित्र आधी काढतो, आणि आजकाल आपणही तेच करू लागलो आहोत.

या बाबतीत मराठी व्याकरणाने एक फार मोठी सोय करून ठेवली आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. 'बोलणे' या क्रियापदाला आपण शेपूट जोडतो. 'बोलून टाकले' म्हणजे मन मोकळे केले. 'बोलून दाखवले' म्हणजे मुद्दाम कानावर घातले. 'बोलून गेलो' म्हणजे भान नव्हते, शब्द निघून गेला. आणि 'बोलून बसलो' म्हणजे शब्द गेला, मी मात्र त्याचे ओझे घेऊन इथेच बसलो आहे. इंग्रजीला ज्यासाठी बूट, वीट आणि तोंड लागते ते काम मराठी एका 'गेलो'त आणि एका 'बसलो'त करते. मुलांना मी सांगतो, 'गेलो' आणि 'बसलो' यांमध्ये जेवढे अंतर आहे तेवढेच अंतर निष्काळजी माणूस आणि जबाबदार माणूस यांच्यात आहे. जो नुसता बोलून जातो तो पुढच्या गावाला पोचलेला असतो. जो बोलून बसतो त्याच्याशी निदान बोलता तरी येते.

एक जुनी म्हण युरोपात आहे, सर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते'तही ती येते. ज्याच्या घरी कोणी फासावर गेले त्याच्या घरी दोरीचे नाव काढू नये. दोरी हा शब्द वाईट नाही. वाईट आहे ते घर न पाहता बोलणे. आपल्या महाराष्ट्राने याचे उदाहरण नोव्हेंबर २००८च्या अखेरीस पाहिले. २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ माणसे गेली. त्या दिवसांत तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील पत्रकारांशी हिंदीत बोलताना, मोठ्या शहरांत असे छोटे प्रसंग घडतच असतात, अशा अर्थाचे वाक्य बोलून गेले. १९९५ सालच्या एका लोकप्रिय चित्रपटातील संवादाशी ते मिळतेजुळते होते. सांगली जिल्ह्यातल्या अंजनीसारख्या खेड्यातून, गरिबीतून वर आलेला हा माणूस. मराठीत तो बोलू लागला की सभा रंगत असे. परक्या भाषेत तयार वाक्ये आधी जिभेवर येतात, हा आम्हा भाषाशिक्षकांचा रोजचा अनुभव. त्यांना म्हणायचे काय होते याची चर्चा खूप झाली. पण ऐकणाऱ्यांच्या घरी त्या वेळी सुतक होते. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. पुढे २००९च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले, २०१५ साली वारले. त्यांच्या कामाची आठवण काढणारी माणसे आजही आहेत. पण ते एक वाक्यही त्यांच्या नावामागून चालत राहिले आहे.

मोठ्यांचे वाक्य वर्तमानपत्रात छापून येते. शाळेच्या मांडवात पडलेले वाक्य कुठेच छापले जात नाही. असे एक वाक्य मी ऐकलेले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पारितोषिक वितरण होते. सूत्रसंचालन नववीतल्या एका वारली मुलीकडे होते. तीन आठवडे तिने तयारी केली होती. पाहुणे बाहेरगावचे, विद्वान, मनाने चांगले. मुलीचे निवेदन ऐकून ते खरोखर भारावले. खिशातले पेन काढून तिच्या हातात दिले आणि माइकवरून म्हणाले, "अगं, तू वारली आहेस हे सांगूनसुद्धा खरं वाटत नाही. किती शुद्ध बोलतेस!" टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेत त्या मुलीची आई बसली होती, दिवसाची मजुरी बुडवून आलेली. सगळे टाळ्या वाजवतात म्हणून तिनेही वाजवल्या. मुलीने पेन टेबलावर ठेवले आणि पुढचे नाव पुकारले. आवाज तोच, पण त्यातले काहीतरी विझले होते.

चहाच्या वेळी वर्गशिक्षिका बाईंनी पाहुण्यांच्या कानावर घातले. त्यांचा चेहरा उतरला. "छे छे, मला तसं म्हणायचं नव्हतं." हे वाक्य ते मला म्हणाले, बाईंना म्हणाले, चहा देणाऱ्या शिपायालाही म्हणाले. आठ दिवसांनी त्यांचे मला पत्र आले. चांगले दोन पानी पत्र. आपली जीभ कशी घसरली, आपल्याला रात्रभर झोप कशी लागली नाही, आपल्या हेतूविषयी गैरसमज नसावा. मी ते पत्र दोनदा वाचले. त्यात त्यांची जीभ होती, त्यांची झोप होती, त्यांचा हेतू होता. मुलगी कुठेच नव्हती. पाय आणि तोंड, तेवढेच. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. ते 'बोलून बसले' होते. पण बसताना त्यांची पाठ तिच्याकडे होती.

मी उलट टपाली चार ओळी लिहिल्या. आभार मानले आणि खाली मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता व शाळेचा पत्ता लिहिला. आणखी काही लिहिले नाही. पंधरा दिवसांनी तिच्या नावाचे पाकीट आले. मी ते न उघडता तिच्याकडे पोचते केले. त्यात काय होते ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. त्या वर्षी पुन्हा ती निवेदनाला उभी राहिली नाही. जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात मात्र एका नाटुकलीत आजीचे काम केले आणि आजीची सगळी वाक्ये वारलीत बोलली. संहितेत ती प्रमाण मराठीत होती. तिने कुणाला विचारले नाही. शेवटच्या रांगेतून या वेळी पहिली टाळी आली.

त्या पाहुण्यांच्या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला. ती चूकच होती का? डॉ. फ्रॉइडने १९०१ साली एक पुस्तक लिहून सांगितले की जिभेच्या चुका सहसा निव्वळ चुका नसतात. आत काहीतरी असते म्हणून बाहेर येते. त्याचे सगळेच सिद्धांत मला पटतात असे नाही. पण एवढे खरे की जीभ घसरते ती उताराच्या दिशेने. चढावर कोणी घसरत नाही. 'वारली' आणि 'शुद्ध' हे दोन शब्द परस्परविरोधी आहेत, असा उतार कुणीतरी आधीच तयार करून ठेवला होता. पाहुणे त्यावर आले आणि घसरले, इतकेच.

हा उतार कोण तयार करते? ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा १९०५ सालचा सातवा खंड मराठीवर आहे आणि त्यात वारलीची नोंद आहे. म्हणजे आमच्या पाड्यांवरची बोली ही मराठीच्या घरातलीच. तिला अशुद्ध म्हणणे म्हणजे आपल्याच मावशीला परकी म्हणणे. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रे जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज शहरातल्या दिवाणखान्यांत, चादरींवर, चहाच्या कपांवर वारली चित्रे आहेत. वारल्यांचे चित्र आपण भिंतीवर लावतो आणि वारल्यांचे बोलणे वर्गाबाहेर काढतो. उतार आपल्या घरातूनच सुरू होतो.

आणि तो एकाच दिशेचा नसतो. 'भैया' हा शब्द घ्या. उत्तरेत तो थोरल्या भावाचा शब्द आहे. कारखान्यात राबायला आलेल्या माणसाला आपण तोच शब्द एका विशिष्ट सुरात लावला आणि अक्षरही न बदलता त्याची शिवी केली. 'घाटी' म्हणजे घाटावरचा. हा शब्द ऐकताना आपल्याला कसे वाटते ते आपल्याला ठाऊक आहे. जेवताना आपण शेजाऱ्यांविषयी जे बोलतो ते मुले ऐकत असतात. ताटावरचा तो शब्द दहा वर्षांनी त्यांच्या तोंडून एखाद्या मांडवात, मुलाखतीत, सोयरिकीच्या बैठकीत निसटतो. मग आपण म्हणतो, पोराची जीभ घसरली. जीभ पोराची, उतार आपला.

दिवाळीत घरोघरी पाहुणे येतील. आपल्या या सीमेवरच्या घरांत चार भाषांतले येतील. फराळाच्या ताटाभोवती हसणे होईल, 'नवरां छो' सारखे घोटाळे होतील, तेही व्हावेत. त्यांनी माणसे जवळच येतात. पण एखादा शब्द भलत्या जागी पडलाच, समोरच्याचा हात करंजीवर थांबलेला दिसलाच, तर आपण आधी काय करतो ते पाहण्यासारखे आहे. 'माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता' हे वाक्य तोंडाशी तयारच असते, आणि ते खरेही असते. तरी ते दुसरे वाक्य आहे. पहिले वाक्य त्याच्यासाठी हवे, 'तुम्हाला लागलं असेल'. आपला पाय तोंडातून मागाहून काढता येतो. ज्याच्या पायावर आपण पाय दिला, त्याच्याकडे आधी बघायला हवे.